सावर्ड्याच्या आडवाटांवर सायकल

व्यायामासाठी सायकल घ्यायचे ठरले की घरात चर्चा होते ती कोणती सायकल घ्यायची याची. गियरची की साधी, जाड टायरची की बारीक, नवी की कोणाची वापरलेली. ती रोज चालवायची कुठे, हा प्रश्न कोणी काढत नाही. मग सहा महिन्यांनी तीच सायकल पडवीत उभी राहते, हँडलवर टॉवेल वाळत पडतात आणि घरातले म्हणतात, "याच्याकडून काही होत नाही." आमचे म्हणणे असे, की दोष बहुतेक वेळा माणसाचा नसतो आणि सायकलीचाही नसतो. वाट चुकीची निवडलेली असते, किंवा एकच वाट इतके दिवस घोटलेली असते की तिचा कंटाळा आलेला असतो.

आम्ही सावर्ड्यातले सहा-सात जण. वयाची तिशी ओलांडलेले दोघे, पन्नाशीतले तिघे आणि आखातात उमेद घालवून परत आलेले साठीचे एक चाचा. सुट्टीत एखादा कॉलेजचा मुलगा येतो. फजरची जमात झाली की निघायचे, असा आमचा बेत असतो. आमच्यात खेळाडू कोणी नाही. दोघांना साखर आहे, एकाला रक्तदाब आहे, आणि चाचांचे गुडघे कुरकुरतात. म्हणजे कोकणातल्या कोणत्याही मोहल्ल्यात दिसेल तसाच हा जमाव आहे. म्हणूनच आमचा अनुभव इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

सावर्डे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चिपळूण तालुक्यातले हे गाव. चिपळूण सोडून दक्षिणेला निघाले, कामथ्याचा घाट ओलांडला की पुढे सावर्डे लागते. त्याच्या पुढे अरवली, मग संगमेश्वर. मुंबई-गोवा महामार्ग गावातूनच जातो. पूर्वी त्याला सतरा नंबरचा हायवे म्हणत, आता तो ६६ नंबरचा झाला. कोकण रेल्वेचे स्टेशन आहे. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांमुळे आजूबाजूच्या वाड्यांतली मुले इथे येतात. चित्रकला शिकवणारे कॉलेजही इथे आहे. बाजार, रिक्षा, वडाप, एसटी, सगळी धावपळ त्या एका महामार्गाला चिकटलेली. त्यामुळे सायकल घेतलेला माणूस साहजिकच त्याच रस्त्यावर चाके टाकतो. रस्ता रुंद आहे, डांबर किंवा काँक्रीट गुळगुळीत आहे, चढ सावकाश आहे.

आमचे मत स्पष्ट आहे: महामार्ग ही व्यायामाची वाट नव्हे. लांब पल्ल्याला सराईत सायकलस्वार तिथून जातात, जाऊ देत. रोजच्या चाळीस मिनिटांसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. पहाटे रात्रभर गाडी हाकून डोळे जड झालेले ट्रकवाले असतात, गणपती-शिमग्याला मुंबईची वाहने असतात, आणि सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले तर बारा महिने असतात. मोठी गाडी बाजूने वेगाने गेली की तिच्या वाऱ्याने सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. नवख्याच्या हातून हँडल सुटायला तेवढे पुरते. रोज जीव मुठीत धरून केलेला व्यायाम महिनाभरही टिकत नाही. आणि घरातल्या बाईमाणसांनी, मुलांनी सोबत यावे असे वाटत असेल तर त्या रस्त्याचे नावच काढू नये.

मग वाट कशी शोधायची? आम्ही आधी मोटरसायकलवरून फिरलो, तेही दोन वेगळ्या वेळी: एकदा भल्या पहाटे, एकदा शाळा भरायच्या वेळेला. एकच रस्ता सहा वाजता झोपलेला असतो आणि साडेसातला अंगावर येतो. बघायच्या गोष्टी साध्या आहेत. वळणावर पुढचे दिसते का, का जांभ्याच्या गडग्याआड सगळे लपते. कडेला डांबर तुटून हातभर खाच झाली आहे का. चिरेखाणीचे किंवा वाळूचे डंपर त्या वाटेने जातात का. कुत्री कोणत्या वाडीच्या तोंडाशी झोपतात. मोबाइलला रेंज कुठे जाते. पाणी मागता येईल असे ओळखीचे घर किंवा दुकान कुठे आहे. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण चाळिशीनंतर व्यायामाला लागणाऱ्या माणसासाठी ती सगळ्यांत मोठी आहे. छातीत दाबल्यासारखे झाले, चक्कर आली, तर थांबायचे कुठे आणि हाक मारायची कोणाला, हे आधीच ठाऊक हवे.

रोजची वाट म्हणून आम्ही डेरवणची बाजू धरली. घर कुठे आहे त्याप्रमाणे महामार्गाचा लहानमोठा तुकडा लागतोच. तेवढ्यात सायकलवरून उतरून, ती हातात धरून कडेने चालायचे. यात कमीपणा नाही, आणि पायांना तेवढेच चालणे घडते. डेरवण म्हटले की लोकांना शिवसृष्टी आठवते, शाळांच्या सहली येतात. आम्हाला ते ठिकाण दोन कारणांनी सोयीचे वाटते. एक, वालावलकर रुग्णालय तिथे आहे. साखरवाल्या माणसाला दवाखान्याच्या दिशेने सायकल हाकताना मनाला आधार असतो. दुसरे, तिथले क्रीडासंकुल. धावपट्टी, पोहण्याचा तलाव, आणि दरवर्षी डेरवण यूथ गेम्सला गावोगावची मुले येतात. पहाटे घाम गाळणारी ती पोरे दिसली की चाचासुद्धा पाठ ताठ करून पायडल मारतात. मात्र रुग्णालयाच्या रस्त्यावर रुग्णवाहिका आणि ड्यूटी बदलणारे कर्मचारी असतात, म्हणून एका मागे एक असे जायचे. तिघे आडवे होऊन गप्पा मारत जायचे नाही.

ही वाट आम्ही किलोमीटरात मोजत नाही. कोकणात किलोमीटर फसवतो. देशावरच्या सपाट दहा किलोमीटरांत जितका दम लागतो तितका इथे पाच किलोमीटरांत लागतो, कारण आपला रस्ता एकतर चढतो नाहीतर उतरतो, सरळ तो क्वचितच असतो. म्हणून मिनिटे मोजायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा. जोराचा असेल तर ७५ ते १५० मिनिटे पुरतात. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास धरला की खालची हद्द गाठली. मध्यम जोर म्हणजे काय, यासाठी घड्याळ किंवा पट्टा लागत नाही. सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही तुटक व्हायला लागले की तो जोराचा व्यायाम झाला. याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. आणि सायकलीवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यांना ती सोसते खरी, पण हाडांना चालण्याने मिळतो तसा भार तिच्यात मिळत नाही. पन्नाशीपुढच्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावे आणि सायकलीबरोबर चालणेही सोडू नये.

एक वाट ठरली की पहिले दोन महिने तीच चालवावी, असे आम्हाला वाटते. नावीन्याच्या मागे लगेच लागू नये. ओळखीच्या वाटेवर सवय बसते: कुठे गियर उतरवायचा, कुठे ब्रेक धरायचा, हे हातापायांना आपोआप कळू लागते. शिवाय तीच वाट आपले माप असते. पहिल्या आठवड्यात ज्या चढावर उतरून ढकलावे लागले, तो सहाव्या आठवड्यात बसल्या बसल्या पार झाला, हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

पण पुढे शरीर हुशार होते. तीच वाट, तोच वेग, तीच वेळ. पायांना त्याची इतकी सवय होते की मेहनत कमी पडू लागते. दम लागत नाही आणि पोटही हलत नाही. मनाचे तर त्याआधीच उडालेले असते. "आज राहू दे" हे वाक्य आमच्यात तिसऱ्या महिन्यात सुरू झाले. त्यावर उपाय म्हणून दूर जावे लागले नाही. पहिला बदल फुकटचा होता: तीच वाट उलट्या दिशेने. गेल्या वेळचा उतार आता चढ होतो, डावीकडचे आंब्याचे कलम उजवीकडे येते, आणि आजवर न दिसलेली विहीर दिसते. दुसरा बदल वेळेचा. असरनंतर निघून मगरिबच्या अजानीआधी घरी यायचे. परतायची वेळ अजान ठरवते, त्यामुळे ताणून धरायचा मोह होत नाही. तिसरा बदल जोराचा. एका ठराविक चढावर, समजा दोन मिनिटांच्या, जोर लावून जायचे, सावकाश खाली यायचे, पुन्हा वर. असे चार वेळा. हे आठवड्यातून एकदाच, आणि ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून नाहीच.

दुसरी वाट आम्ही निवडली ती खरवते-दहिवलीकडची. कधी तिच्या जागी मांडकी-पालवण. दोन्हीकडे कृषी महाविद्यालये आहेत, त्यामुळे रस्ता ओस नसतो आणि गजबजलेलाही नसतो. चढउतार भरपूर. डोंगरउतारावरच्या काजू-आंब्याच्या बागा, खाचरे, मधूनच जांभ्याचा उघडा सडा. मार्च-एप्रिलमध्ये मोहोराचा आणि काजूबोंडांचा वास असतो, मे महिन्यात करवंदे मिळतात. इथे गियरची सायकल कामाला येते. गियर चढ सुरू व्हायच्या आधी उतरवायचा, मध्यावर नाही. जोर लावलेला असताना गियर टाकला की चेन कचकन आवाज करते आणि कधी निसटतेही. साध्या सायकलवाल्याने उभे राहून पायडल मारण्यापेक्षा उतरून चालावे. आमच्यातल्या एकाची सायकल वडिलांच्या वेळची काळी, बिनगियरची आहे आणि चढावर ढकलण्यात तो सगळ्यांच्या पुढे असतो.

उताराबद्दल जास्त सांगायला हवे, कारण दुखापत चढावर होत नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो, नुसता मागचा दाबला तर चाक घसरते. दोन्ही मिळून, हलक्या हाताने. कडेच्या बारीक खडीवर चाक गेले तर हँडल वळवायचे नाही, सरळ धरायचे. हेल्मेट प्रत्येकाला. टोपीवर हेल्मेट बसत नाही ही तक्रार आमच्याकडेही झाली. पातळ कापडी टोपी आत सहज बसते, जाड विणलेली खिशात ठेवावी.

तिसरी वाट रविवारची. अरवली आणि तुरळला गरम पाण्याचे झरे आहेत हे सर्वांना माहीत आहे. सावर्ड्याहून अरवलीला जायचे तर बराचसा महामार्गच धरावा लागतो, आणि तो आम्ही सांगितलेल्या कारणासाठी टाळतो. म्हणून महिन्यातून एकदा ओळखीच्या टेम्पोत सायकली टाकून अरवलीपर्यंत जातो आणि तिथून माखजनचा रस्ता धरतो. ही बाजू गडनदीची. खोलगट, सावलीची, आणि आमच्या वाटांच्या मानाने सौम्य. पावसाळ्यात मात्र गडनदीचे पाणी माखजनच्या बाजारात शिरते, तेव्हा तो विचार दिवाळीनंतरचा. टेम्पोत सायकल नेणे हा कोणाला चोचला वाटेल. आम्हाला तो स्वस्त सौदा वाटतो, कारण महामार्ग टाळला आणि नवी वाट मिळाली. या वाटेवर पूर्वी लग्नकार्यालाच जाणे व्हायचे. आता दोन-तीन घरी चहाला थांबून येतो, आजारी माणसाची विचारपूस होते. ज्याला नुसता व्यायाम म्हणून उठवत नाही त्याला "आज फुफूकडे जाऊ" म्हटले की तो उठतो.

आता घरातल्या स्त्रियांविषयी. आमच्या मोहल्ल्यात शाळेत जाणारी मुलगी सायकल चालवते, त्यात कोणाला काही वाटत नाही. दहावी झाली की सायकल लहान भावाकडे जाते. कोणी मनाई करत नाही. ती आपोआप सुटते. पुढे लग्न, मुले, बैठे घरकाम, आणि पस्तिशीत तीच मुलगी कंबर धरून डॉक्टरकडे बसलेली असते. पुरुषांनी पहाटे उठून सायकली काढायच्या आणि ज्यांना गरज जास्त त्यांनी नाश्ता करायचा, हे आम्हाला काही बरे दिसेना.

याबाबतीत आपल्या देशातलेच एक उदाहरण आहे. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. एक लाखाहून जास्त ग्रामीण स्त्रिया शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले, आणि त्यांनी नोंदवले की त्यांत खेड्यातल्या मुस्लिम मुली-बायकाही मोठ्या संख्येने होत्या. सुरुवातीला टोमणे मारणारे होतेच. बायकांच्या सायकली दुकानात पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. मधल्या दांडीवर मूल बसवता येते म्हणून काहींनी त्याच पसंत केल्या. ज्या सौदी अरबस्तानात आपली कित्येक माणसे कमावायला गेली, तिथे २०१३ साली स्त्रियांना बागांमध्ये, घरच्या पुरुषाच्या सोबतीने सायकल चालवायला मोकळीक मिळाली. आणि अफगाणिस्तानातून निर्वासित झालेली मासूमा अलीजादा डोक्याला रुमाल आणि वर हेल्मेट घालून टोकियो ऑलिम्पिकमध्ये सायकल शर्यतीत उतरली. ती शेवटची आली. पण उतरली.

आमच्याकडे मात्र शर्यत नको होती, वाट हवी होती. बायकांना विचारले तेव्हा त्यांची यादी आमच्याहून वेगळी निघाली. चढ किती, दृश्य कसे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. दोन्ही बाजूंना ओळखीची घरे हवीत, टपरीवरची टोळकी नकोत, एकटीने कधी लागू नये, आणि मुलांच्या डब्यांच्या आत परत येता यावे. त्यातून निघालेली वाट वाडीतल्या वाडीतच फिरते. वीस मिनिटांचा फेरा, तो दोनदा घ्यायचा. आम्हाला तो कंटाळवाणा वाटला असता. त्या चौघी सोमवार ते गुरुवार जातात आणि त्यांचा खंड आमच्याहून कमी पडतो. बदल म्हणून आठवड्यातून एक दिवस त्या फेरा सोडून कोणाच्या तरी माहेरच्या बाजूला जातात. कपड्यांची अडचण त्यांनीच सोडवली: चेनवर पूर्ण झाकण असलेली, मधला दांडा खाली असलेली सायकल, मागच्या चाकाला जाळी, ओढणी पिनांनी घट्ट, आणि बुरख्याचा घेर पायाशी कमी केलेला. घेर चाकाच्या तारांत गेला तर माणूस जागच्या जागी पडतो, म्हणून हे नीट पाहावे.

सायकल सर्वांना एकाच मापाची बसत नाही, हेही सांगून टाकतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग पंजाने पायडल मारताना तो किंचित वाकलेला राहतो. आमच्याकडे लोक पाय जमिनीला पुरावे म्हणून सीट खाली ठेवतात आणि गुडघ्याच्या वाटीजवळ दुखते म्हणून सायकल सोडतात. चाचांची सीट दोन बोटे वर केली, बाकी काही केले नाही, आणि त्यांची निम्मी कुरकुर थांबली.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहाटे उपाशीपोटी निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलावे. खिशात चार खजूर असू द्यावेत. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारले तर तिथेच थांबून ते खावेत, घरी पोचण्याची वाट बघू नये. रमजानमध्ये आम्ही पहाटेचे फेरे बंद ठेवतो. इफ्तारच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटे, सपाट भागात, अगदी सावकाश. ज्यांना जमते ते तेवढेच करतात, आणि आजारी माणसाला तेही सांगत नाही.

वेळेचा हिशेब वर्षभर बदलत राहतो. जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास वर येतो, जानेवारीत सात वाजून गेले तरी धुके असते. जमातीनंतर लगेच निघालो तर हिवाळ्यात पहिली दहा मिनिटे संधिप्रकाशात जातात. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, अंगात चमकणारे जाकीट. डोंगराच्या कडेच्या वाटांवर पहाटे रानडुक्कर आडवे येते, बिबट्याच्या बातम्याही असतात. त्यामुळे अंधारात एकट्याने निघायचे नाही, घंटी वाजवत आणि बोलत जायचे.

आणि पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने ज्याने सांभाळले त्याची सायकल टिकली. मुसळधार असेल तेव्हा जात नाही. उघडीप मिळाली की फक्त डेरवणची वाट, कारण तिच्यातला प्रत्येक खड्डा पाठ आहे. खड्ड्यावर पाणी साचले की तो वीतभर आहे का हातभर हे नवख्या वाटेवर कळत नाही. झाडांखालच्या सावलीत डांबरावर शेवाळ धरते, खाचरांच्या कडेला ट्रॅक्टरने आणलेला चिखल असतो, आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा नेहमीच्या दुप्पट अंतरावरून तो धरायचा. साकवावरून पाणी जात असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी मागे फिरायचे. ज्या दिवशी निघणेच होत नाही त्या दिवशी पडवीतल्या जिन्यावर चढउतार आणि भिंतीला हात लावून उठाबशा. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब. आमच्या दमट हवेत दोन दिवस राहिली तर तांबूस होते, आणि ऑक्टोबरमध्ये वाट उघडते तेव्हा सायकलच जाम झालेली असते.